लेसोथो: दक्षिण आफ्रिकेच्या पोटातलं डोंगरी राज्य चालतं कसं?

चारही बाजूंनी एकाच देशाने वेढलेले स्वतंत्र देश जगात तीनच आहेत: व्हॅटिकन, सान मारिनो आणि लेसोथो. पहिले दोन एखाद्या गावाशहराएवढे. लेसोथो मात्र 30,355 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश आकाराचा, सुमारे 23 लाख लोकांचा देश आहे. त्याला राजा आहे, संसद आहे, सैन्य आहे, स्वतःचं चलन आहे. समुद्र नाही, बंदर नाही आणि दक्षिण आफ्रिकेखेरीज दुसरा शेजारी नाही.

आहे ती उंची. देशाची सगळीच्या सगळी जमीन समुद्रसपाटीपासून 1,000 मीटरच्या वर असलेला हा जगातला एकमेव स्वतंत्र देश. इथली सगळ्यात खोलगट जागाही 1,400 मीटरवर आहे. राजधानी मासेरू ही देशाच्या 'सखल' भागात धरतात, पण तीही जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर वसलेली आहे.

हा देश समजून घ्यायचा तर दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात, उंची आणि वेढा. पाणी, लोकर, हिरे हे सगळं उंचीमुळे मिळतं. पण ते विकायचं वेढ्याच्या पलीकडे, आणि त्याचा भाव ठरतो तोही पलीकडेच. लेसोथोच्या राजकारणापासून स्वयंपाकघरापर्यंत बहुतेक गोष्टींचं मूळ इथे सापडतं.

जमीन आणि हवा

देशाचे भूगोलाच्या दृष्टीने चार भाग पडतात. पश्चिमेला मोहोकारे नदीच्या काठाने जाणारी अरुंद सखल पट्टी. तिच्या वर पायथ्याच्या टेकड्या. मग मालोटी पर्वताचा मोठा उंच प्रदेश, ज्याने देशाचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापलाय. आणि त्यातून दक्षिणेकडे वाहणाऱ्या सेंकू नदीचं कोरडं, पर्जन्यछायेतलं खोरं. सेंकू पुढे दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नावाने ओळखली जाते आणि थेट अटलांटिकला मिळते. सगळ्यात उंच शिखर थाबाना न्तलेन्याना, 3,482 मीटर. आफ्रिकेच्या दक्षिण भागात याहून उंच काही नाही.

खालच्या भागात पिवळसर वालुकाश्म आणि त्यावर बेसॉल्टचे थर, अशी इथल्या खडकांची रचना आहे. हा बेसॉल्ट सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. पण घडण तीच असल्यामुळे मालोटीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांचे फोटो पाहताना मराठी माणसाला ते ओळखीचे वाटतात.

पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. हिवाळा जून ते ऑगस्ट, तेव्हा उंचावर बर्फ पडतं आणि खालीही दंव गोठतं. त्यामुळे डोंगरात पिकाला मिळणारे महिने मोजकेच. त्यात उन्हाळ्यात गारपीट. पिकाऊ जमीन देशाच्या जेमतेम एक दशांश, आणि तीही बरीचशी पश्चिमेच्या पट्टीत. म्हणून बहुसंख्य लोक तिथेच राहतात.

या पट्टीतल्या शेतांना एक जुनं दुखणं आहे. वर वाळूमिश्रित माती आणि खाली चिकण मातीचा घट्ट थर, अशी इथली बरीच जमीन आहे. पावसाचं पाणी वरच्या मातीतून झिरपतं, चिकण थरावर अडतं आणि त्या सांध्यातून आडवं वाहू लागतं. हळूहळू जमिनीच्या आत बोळ तयार होतात. एके दिवशी वरचं छत कोसळतं आणि शेताच्या मधोमध घळ उघडी पडते. त्यांना तिथे डोंगा म्हणतात. एकदा डोंगा पडला की दर पावसाळ्यात त्याचे काठ ढासळत जातात. वरून बांध घालून भागत नाही, कारण पाणी खालून जात असतं. घळीच्या तोंडाशी दगडांचे आडवे बांध, काठाला झाडं आणि वरच्या उताराचं पाणी आधीच वळवून लावणं, असं सगळं एकत्र केलं तरच ती थांबते.

हे राज्य उभं कसं राहिलं

1820 च्या दशकात या भागात युद्धं, दुष्काळ आणि पळापळ चालली होती. त्या काळात मोश्वेश्वे नावाच्या एका लहान सरदाराने 1824 साली आपली माणसं घेऊन थाबा बोसिऊ या डोंगराचा आश्रय घेतला. सपाट माथा, सभोवार वालुकाश्माचे ताशीव कडे, वर जायला मोजक्या अरुंद वाटा आणि माथ्यावर पाण्याचे झरे. सह्याद्रीतला एखादा गिरिदुर्ग डोळ्यांसमोर आणला की पुरे. पुढची चाळीस वर्षं न्देबेले जमातीचे योद्धे आले, इंग्रज आले, बोअर म्हणजे डच वंशाचे गोरे वसाहतकार आले. हा डोंगर कोणालाही लढून घेता आला नाही.

पण मोश्वेश्वेची खरी हुशारी गुरांच्या वाटपात होती. आसऱ्याला आलेल्या निर्वासितांना तो गुरं सांभाळायला द्यायचा. गुरं राजाची, पण दूध आणि शेतीकामाला बैल त्या कुटुंबाचे. या पद्धतीला माफिसा म्हणतात. उपाशी माणसाला त्यामुळे संसार उभा करता आला, आणि तो राजाशी बांधलाही गेला. वेगवेगळ्या कुळांचे लोक अशा रीतीने एक झाले आणि बासोथो हे राष्ट्र तयार झालं. 1833 साली आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांपैकी यूजेन कासालिस यांना त्याने जवळपास परराष्ट्र सचिवासारखं वापरलं. गोऱ्यांशी पत्रव्यवहार गोऱ्यांच्याच भाषेत, नेमक्या शब्दांत व्हायचा.

तरीही जमीन गेली. बोअरांच्या फ्री स्टेट या राज्याशी झालेल्या लढायांत मोहोकारेच्या पश्चिमेचा सुपीक प्रदेश हातचा गेला. 1868 मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं आणि उरलेलं राज्य वाचवलं. 1871 मध्ये ते केप या दक्षिणेतल्या ब्रिटिश वसाहतीकडे सोपवलं गेलं. केपच्या सरकारने बासोथोंना बंदुका जमा करायला सांगितल्या. त्या बंदुका त्यांनी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत राबून, मजुरीच्या पैशांतून घेतल्या होत्या. त्यांनी साफ नकार दिला, 1880-81 मध्ये लढाई झाली आणि केपला हात टेकावे लागले. 1884 पासून लंडनचा थेट कारभार सुरू झाला.

या बंदुकांच्या युद्धाचं मोल फार मोठं आहे. केपच्या ताब्यातच राहिलं असतं तर 1910 साली हे राज्य दक्षिण आफ्रिकेच्या संघात विरघळलं असतं आणि पुढे वर्णभेदी राजवटीच्या टाचेखाली आलं असतं. तसं झालं नाही. 4 ऑक्टोबर 1966 रोजी लेसोथो स्वतंत्र झाला.

राजा, सरदार आणि संसद

आजचे राजे लेत्सिए तिसरे. राजा राष्ट्रप्रमुख आहे, पण कारभार पंतप्रधानांचा. 1993 ची राज्यघटना राजाला स्वतःच्या मर्जीने फारसं काही करू देत नाही. संसदेची दोन सभागृहं आहेत. वरच्या सभागृहात 33 सदस्य: त्यातले 22 वंशपरंपरेने आलेले प्रमुख सरदार आणि 11 नेमलेले. खालच्या सभागृहात 120 जागा.

गावपातळीवर सरदाराचं महत्त्व अजून आहे. जमीन खासगी मालकीची नाही, ती बासोथो राष्ट्राची आणि राजा तिचा विश्वस्त, असं मूळ तत्त्व आहे. जमीनवाटपाचा अधिकार आता निवडून आलेल्या स्थानिक परिषदांकडे गेलाय आणि शहरात भाडेपट्ट्याची नोंदणी होते. पण कोणतं कुरण कधी बंद ठेवायचं, कोणाची गुरं आत घुसली, अशा तंट्यांत लोक आधी सरदाराकडे जातात. परिषद आणि सरदार यांच्या हद्दी कागदावर जितक्या स्पष्ट आहेत तितक्या गावात नाहीत, आणि बरेच वाद तिथेच अडकतात.

निवडणूक पद्धतीचा इतिहास जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो इतर देशांनाही धडा देणारा आहे. 1970 मध्ये निवडणूक हरत असल्याचं दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी निकाल गुंडाळला आणि राज्यघटना स्थगित केली. 1986 मध्ये लष्कराने त्यांना हटवलं. 1993 ला लोकशाही परतली, पण आपल्यासारख्याच 'जास्त मतं तो विजयी' या पद्धतीने. त्या वर्षी एकाच पक्षाने सगळ्या 65 जागा जिंकल्या. 1998 मध्ये एका पक्षाला सुमारे 60 टक्के मतं मिळाली आणि 80 पैकी 79 जागा. बाकीच्या मतदारांना संसदेत जवळपास आवाजच उरला नाही. लोक रस्त्यावर उतरले, सैन्यातही फूट पडली, दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना यांनी फौजा घुसवल्या आणि मासेरूचा बाजारभाग जळाला.

त्यातून 2002 साली मिश्र पद्धत आली. 120 पैकी 80 जागा मतदारसंघांतून आणि 40 जागा भरपाईच्या. हिशेब असा: पक्षाला 25 टक्के मतं मिळाली, तर 120 च्या 25 टक्के म्हणजे 30 जागांवर त्याचा हक्क. मतदारसंघांतून 12 आल्या असतील, तर उरलेल्या 18 यादीतून. हक्कापेक्षा जास्त जागा मतदारसंघांतूनच मिळाल्या, तर यादीतून काहीच नाही.

2007 मध्ये पळवाट निघाली. तेव्हा मतदाराला दोन मतं होती, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. सत्ताधारी पक्षाने एका छोट्या पक्षाशी संधान बांधलं आणि समर्थकांना सांगितलं की उमेदवाराचं मत आम्हाला द्या, पक्षाचं मत त्यांना. मोठ्या पक्षाने 61 मतदारसंघ जिंकले. कागदोपत्री 'वेगळ्या' असलेल्या छोट्या पक्षाला एकही मतदारसंघ नव्हता, म्हणून त्याला भरपाईच्या 21 जागा मिळाल्या. दोन्ही मिळून 82. भरपाईसाठी ठेवलेल्या जागाच अशा रीतीने लुटल्या गेल्या. 2011 च्या कायद्याने यावर उपाय केला: मत एकच, आणि तेच उमेदवारालाही आणि पक्षालाही मोजायचं.

दार बंद झालं, पण 2012 पासून एकाही पक्षाला निर्विवाद बहुमत नाही. आघाड्या होतात, खासदार फुटतात, सरकारं मुदतीआधी पडतात. लष्करातल्या गटबाजीने तर कळस गाठला: 2015 मध्ये माजी लष्करप्रमुखांची आणि 2017 मध्ये पदावर असलेल्या लष्करप्रमुखांची सैनिकांनीच हत्या केली. 2022 मध्ये उद्योगपती सॅम मातेकाने यांनी निवडणुकीच्या काही महिने आधी काढलेल्या नव्या पक्षाने 120 पैकी 56 जागा मिळवल्या, आणि तेही आघाडी करूनच पंतप्रधान झाले.

पाणी: डोंगरातून बोगद्यातून जोहान्सबर्गला

जोहान्सबर्ग सोन्याच्या खाणीमुळे वसलं, मोठ्या नदीमुळे नव्हे. तिथल्या लाखो लोकांना आणि कारखान्यांना पाणी हवं. ते लेसोथोच्या डोंगरात आहे, पण सेंकू ते उलट दिशेला, दक्षिणेकडे घेऊन जाते. लेसोथो हायलँड्स प्रकल्पाने हे पाणी धरणात अडवून बोगद्यांतून उत्तरेला वळवलं.

कात्से धरण 185 मीटर उंच, काँक्रीटचं, दुहेरी वक्र कमानीचं. साठवण 1,950 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे 69 टीएमसी. कोयनेच्या 105 टीएमसीशी ताडून पाहिलं की अंदाज येतो. तिथून 45 किलोमीटरचा बोगदा मुएलाला जातो. मुएलाला 72 मेगावॉटचं वीजघर आहे. तिथून आणखी एक बोगदा सरहद्द ओलांडून दक्षिण आफ्रिकेतल्या नदीत पाणी सोडतो. नंतर मोहाले धरण बांधून 32 किलोमीटरच्या बोगद्याने कात्सेला जोडलं. पहिलं पाणी 1998 मध्ये गेलं. आता वर्षाला 780 दशलक्ष घनमीटर, साधारण साडेसत्तावीस टीएमसी, जाऊ शकतं. या सगळ्या प्रवासात पंप कुठेही नाही, केवळ उतार.

आणि भाव ठरतो तोही त्या उतारावरच. पाण्याला स्वतःची अशी किंमत लावलेली नाही. दक्षिण आफ्रिकेला हेच पाणी मिळवायचा दुसरा मार्ग होता: ऑरेंज नदी आपल्या हद्दीत आल्यावर तिथे धरण बांधायचं आणि पाणी पंपाने वर चढवायचं. त्याला किती खर्च आला असता आणि लेसोथोमार्गे किती येतो, यातला फरक म्हणजे बचत. त्या बचतीतले 56 टक्के लेसोथोचे, 44 टक्के दक्षिण आफ्रिकेचे. रॉयल्टीचा एक भाग ठरलेला आणि दुसरा प्रत्यक्ष किती पाणी गेलं त्यावर. पाणी नेण्याच्या बांधकामाचा खर्च दक्षिण आफ्रिकेने उचलायचा आणि वीजघराचा लेसोथोने.

हा करार ऑक्टोबर 1986 चा. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने लेसोथोच्या सीमा आवळल्या होत्या, जोनाथन पडले होते आणि सही केली ती लष्करी राजवटीने. चारही बाजूंनी कोंडलेल्या देशाने वाटाघाटीत किती ताणून धरायचं, याची मर्यादा तिथे दिसते. सूत्र वाईट नाही, पण पाण्याची टंचाई जसजशी वाढते तसतसं पाण्याचं खरं मोल वाढत जातं, आणि सूत्र मात्र त्या जुन्या पर्यायी योजनेच्या खर्चावर बांधलेलं राहतं. लेसोथोतल्या अनेकांचा यावरच आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

प्रकल्पाने दोन गोष्टी जगाला दाखवल्या. पहिली भूगर्भाची. 1995 च्या अखेरीस कात्सेचा जलाशय भरू लागला आणि काठावरच्या मापेलेंग गावाला धक्के बसू लागले, जमिनीला लांबच लांब भेग पडली. जलाशयाच्या भाराने होणारे भूकंप हा विषय कोयनेच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. दुसरी गोष्ट न्यायाची. प्रकल्पाचे मुख्य अधिकारी मासुफा सोले यांना लाचखोरीबद्दल 2002 मध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि लेसोथोच्या न्यायालयांनी एवढ्यावर न थांबता लाच देणाऱ्या परदेशी बड्या कंपन्यांनाही शिक्षा केली. श्रीमंत देशांनाही जे सहसा जमत नाही ते या छोट्या देशाने केलं.

चुकलं ते प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत. ज्यांची शेतं बुडाली त्यांना 50 वर्षं भरपाई, असं धोरण होतं, धान्याच्या किंवा रोख स्वरूपात. पण डोंगरातल्या कुटुंबाचं पोट फक्त शेतावर चालत नाही. सामायिक कुरण, औषधी वनस्पती, जळण, नदीपलीकडच्या गावाला जायची वाट, हे सगळं पाण्याखाली जातं आणि त्याचा हिशेब मांडणं अवघड असतं. शिवाय शेत पिढ्यान्‌पिढ्या पिकतं, भरपाई 50 वर्षांनी संपते. आता दुसऱ्या टप्प्यात मोखोतलोंग जिल्ह्यात पोलिहाली धरण आणि तिथून कात्सेपर्यंत 38 किलोमीटरचा बोगदा बांधला जातोय, आणि तिथल्या लोकांनी हाच प्रश्न पुन्हा लावून धरलाय.

देखभालही सोपी नाही. ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 असे सहा महिने बोगदे रिकामे करून दुरुस्ती केली. तेवढा काळ मुएलाचं वीजघरही बंद, कारण बोगद्यात पाणी नाही तर वीज नाही. एरवीही देशाला लागणारी बरीच वीज दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिककडून विकत घ्यावी लागते, विशेषतः हिवाळ्यात.

या पाण्याचा उगम आहे तो 2,700 मीटरच्या वरच्या पाणथळ गवताळ जागांत. उन्हाळ्यातला पाऊस तिथे मुरतो आणि कोरड्या महिन्यांत थोडाथोडा सुटतो. गुरं-मेंढरं जास्त झाली की त्यांच्या खुरांनी ही ओली जमीन तुडवली जाते, तिच्यात ओघळ पडतात आणि साठलेलं पाणी एकदम वाहून जातं. मग पावसाळ्यात गाळ धरणात आणि हिवाळ्यात ओढे कोरडे. अब्जावधींच्या धरणाचं आयुष्य अशा रीतीने गुराख्याच्या कुरणावर अवलंबून आहे.

पैसा कुठून येतो

सरकारच्या तिजोरीत सगळ्यात मोठा वाटा असतो सीमाशुल्क संघाचा. 1910 पासूनचा हा जगातला सगळ्यात जुना संघ. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया, एस्वातिनी आणि लेसोथो त्यात आहेत. बाहेरून येणाऱ्या मालावरचं शुल्क एका पेटीत जमा होतं. ज्या सदस्याने संघातल्या इतर देशांकडून जेवढी आयात केली त्या प्रमाणात त्याला त्यातला वाटा मिळतो. लेसोथो साखरेपासून सिमेंटपर्यंत जवळपास सगळं दक्षिण आफ्रिकेतून आणतो, म्हणून वाटा मोठा. पण रक्कम आधी अंदाजाने दिली जाते आणि प्रत्यक्ष आकडे आल्यावर पुढच्या हप्त्यांतून वळती होते. 2008-09 च्या मंदीनंतर आयात घसरली तेव्हा हप्ता एकदम आटला आणि पगार भागवताना सरकारच्या नाकी नऊ आले. आपल्या हातात नसलेल्या उत्पन्नावर कायमचे पगार बांधणं, हा लेसोथोच्या अर्थसंकल्पाचा जुना दोष आहे.

खाणमजुरी ही दुसरी जुनी वाट. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लाखाहून अधिक बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत होते. सोन्याचा धंदा आकसला आणि ही संख्या कोसळली. मागे राहिले ते फुप्फुसात धूळ आणि क्षय घेऊन परतलेले हजारो लोक. पुरुषांना वर्षानुवर्षं कुटुंबाशिवाय वसतिगृहात ठेवणाऱ्या त्या पद्धतीने एचआयव्हीचा प्रसारही वाढवला. आज दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला एचआयव्ही आहे. 2016 पासून तपासणीत आढळताच औषध सुरू, असं धोरण लेसोथोने आफ्रिकेत अगदी आघाडीवर राहून अमलात आणलं आणि त्याने पुष्कळ जीव वाचवले. आता परदेशात जाणाऱ्यांत घरकामाला आणि शेतमजुरीला जाणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. बाहेरून येणारा पैसा अजूनही देशाच्या उत्पन्नाचा सुमारे एक पंचमांश आहे.

कापड उद्योग अमेरिकेच्या एका कायद्यावर उभा राहिला. 2000 सालच्या या कायद्याने आफ्रिकी देशांच्या मालाला जकातमाफी दिली, आणि कापड तिसऱ्या देशातून आणून शिवलं तरी सवलत लागू होती. तैवान आणि चीनच्या मालकांनी मासेरू आणि मापुत्सोएला कारखाने काढले. जीन्स आणि टी-शर्ट शिवणारे हजारो हात, त्यात बहुसंख्य बायका. या उद्योगाची अडचण एकच: शिवणाऱ्यांची मजुरी सोडली तर त्यात लेसोथोचं काहीच नाही. कापड बाहेरचं, मालक बाहेरचे, गिऱ्हाईक बाहेरचं. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने लेसोथोवर 50 टक्के आयातशुल्क जाहीर केलं, जगातलं सगळ्यात जास्त. पुढे ते 15 टक्क्यांवर आलं, पण तोवर ऑर्डरी थांबल्या होत्या. त्या सप्टेंबरला जकातमाफीची मुदतही संपली. त्याआधी जुलैमध्येच सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती.

हिऱ्यांचं गणित विलक्षण आहे. लेत्सेंगची खाण सुमारे 3,100 मीटरवर आहे. शंभर टन खडक फोडला तर तिथे दोन कॅरटसुद्धा धड निघत नाही. पण जे निघतं ते मोठं आणि शुभ्र: 2006 मध्ये 603 कॅरटचा हिरा, 2018 मध्ये 910 कॅरटचा. इथला धोका असा की खडक भरडताना मोठा हिराच फुटतो आणि कोट्यवधी रुपयांचं नुकसान होतं. म्हणून क्ष-किरणांनी मोठे खडे आधीच ओळखून बाजूला काढायची यंत्रं बसवलीत. सरकारचा हिस्सा 30 टक्के.

लोकर आणि मोहेर हे खरं घरचं उत्पन्न, कारण ते थेट डोंगरातल्या कुटुंबाच्या हाती जातं. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे मऊ, चमकदार केस. जगात दक्षिण आफ्रिकेखालोखाल ते लेसोथोत होतं. गुराखी मुलं उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरच्या वाड्यांवर राहतात, अंगावर जाड लोकरी ब्लँकेट, पायात गमबूट, आणि हिवाळ्यापूर्वी खाली उतरतात. कातरणीला कळप लोकरगृहात येतो, हाताच्या कात्रीने लोकर काढतात, प्रत लावतात आणि गासड्या बांधतात. पूर्वी त्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लिलावाला जात. 2018 मध्ये सरकारने बाहेर न्यायला बंदी केली आणि देशातल्या एकाच केंद्रातून विक्री सक्तीची केली. नफा देशात ठेवायचा हा हेतू बरोबर होता. पण एकच खरेदीदार राहिला की मेंढपाळाला दुसरं दार उरत नाही. पैसे महिनोन्‌महिने रखडले, हजारो लोक मासेरूत मोर्चाने आले आणि शेवटी बंदी सैल करावी लागली. या गुराखीपणामुळे मुलगे शाळेत मागे राहतात आणि मुली पुढे जातात. साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे असलेल्या मोजक्या देशांत लेसोथो येतो.

दारातला वाफा

रोजचं जेवण म्हणजे पापा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि मोरोहो, चिरून परतलेली पालेभाजी. मका बराचसा विकतचा. भाजी मात्र दारात पिकवता येते, आणि त्यासाठी लेसोथोत 1990 च्या दशकात रुजलेला एक वाफा आज जगभर वापरला जातो. आजारी, म्हाताऱ्या माणसालाही वाकावं लागू नये आणि हिवाळ्यातही भाजी मिळावी, हा त्यामागचा विचार.

सुमारे दोन मीटर व्यासाचं वर्तुळ आखायचं. कडेने कमरेएवढी दगडांची भिंत, एका बाजूला मध्यापर्यंत जाता येईल अशी खाच. मध्यभागी काठ्या रोवून, गवत गुंडाळून एक उभी पोकळ टोपली करायची, साधारण हातभर रुंद. टोपलीभोवती तळाला दगड, गंजके डबे, हाडं. त्यावर वाळकं गवत, राख, शेणखत आणि माती यांचे थर आलटून पालटून. सगळ्यात वर चांगली माती, मध्यभागी उंच आणि कडेला उतरती. टोपलीत रोजचा भाजीचा कचरा टाकायचा आणि धुण्याभांड्याचं पाणी ओतायचं. ते आतून झिरपत चारी बाजूंना पोचतं. दगड दिवसा तापतात आणि रात्री ऊब देतात, म्हणून हलक्या दंवात पालक तग धरतो.

फसतं ते बहुधा तीन कारणांनी. मधला भाग उंच ठेवला नाही तर पाणी कडेला पोचत नाही. टोपली चिखलाने भरली तर पाणी मुरतच नाही, तेव्हा काठ्या दाट पण मोकळ्या हव्यात. आणि फक्त पाणी ओतून कचरा टाकला नाही तर माती वर्षाभरात निकस होते. दरवर्षी माती खाली बसते, तेवढी वरून खत-मातीची भर घालायची.

जायचं असेल तर

लेसोथोला भारतातून थेट विमान नाही. जोहान्सबर्गहून मासेरूला जावं लागतं, किंवा रस्त्याने. येताना पुन्हा दक्षिण आफ्रिकेत शिरायचं असल्यामुळे तिथला व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. एकदाच प्रवेशाचा असेल तर माणूस लेसोथोतच अडकतो. मासेरू ब्रिजचा नाका दिवसरात्र चालू असतो. पूर्व सरहद्दीवरचा सानी घाट मात्र दिवसाच ओलांडता येतो, आणि त्या चढाला चारही चाकांना जोर असलेली गाडीच लागते. जून ते ऑगस्टमध्ये बर्फामुळे डोंगरातले रस्ते अचानक बंद होतात, तेव्हा पेट्रोलची टाकी भरलेली आणि एक मुक्काम हाताशी राखलेला बरा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते.

चलन लोटी, दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेलं. लेसोथोत रँड सगळीकडे घेतात, पण दक्षिण आफ्रिकेतल्या दुकानात लोटी कोणी घेत नाही. उरलेल्या नोटा नाका ओलांडण्याआधीच मासेरूच्या बँकेत बदलून घ्याव्यात.